ती पाटी बदला : आमच्या शहराच्या इतिहास संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ,
शहर इतिहास संग्रहालय, दक्षिण कॅलिफोर्निया

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही दोन ठराव केले. शहरात बाहेरून आलेल्या कुटुंबांचं दालन आहे तसंच कायम ठेवायचं, हा एक. दुसरा म्हणजे, इथल्या एका बंद पडलेल्या इंडो (म्हणजे डच-इंडोनेशियन मिश्र घराण्यांच्या) मंडळाने विश्वासाने तुमच्याकडे सोपवलेल्या कागदपत्रांच्या चौदा खोक्यांची जागेअभावी विल्हेवाट लावायची. मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्या तीन मिनिटांत जे मावलं नाही, ते इथे लिहिते आहे.

याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात पोचती केली आहे. मराठीत वेगळं लिहिलं, कारण या शहरात मराठी घरं बरीच आहेत, ती तुमच्या संग्रहालयाला देणग्या देतात, त्यांची मुलं शाळेच्या सहलीत ते दालन बघून येतात. त्या काचेच्या कपाटात काय चुकलंय हे त्यांनाही कळायला हवं. दुसरं कारण जुनं आहे, ते पुढे येईल.

दालनाच्या डाव्या भिंतीवर तिसरं कपाट आहे. त्यात एक कृष्णधवल फोटो आहे : न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनच्या धक्क्यावर उभं असलेलं तरुण जोडपं, त्याच्या हातात वेताची पेटी, तिच्या अंगावर मापाला मोठा असलेला लोकरी कोट. फोटोखाली तुम्ही पाटी लावली आहे, ‘डच कुटुंब, १९६१’. शेजारी लाकडी खडावांसारखे डच जोडे ठेवले आहेत. फोटोतली ती बाई माझ्या सासूबाई. घरात त्यांना सगळे ओमा म्हणतात, ओमा म्हणजे आजी. ओमांनी जन्मात कधी लाकडी जोडे घातले नाहीत. ते जोडे आमच्याकडून आलेले नाहीत, तुम्हीच कुठून तरी मिळवून तिथे मांडलेत. आम्ही जे दिलं होतं ते, म्हणजे वेताची पेटी आणि काळ्या दगडाचं चोबेक, तुम्ही ‘डच कथेशी जुळत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलंत.

चोबेक म्हणजे जावामधला उथळ दगडी खल. आपल्या पाट्या-वरवंट्याचा धाकटा भाऊ म्हणा. त्यावर मिरच्या, मीठ आणि तेरासी वाटून साम्बाल करतात. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. आमच्या घरी तो भाजायला घेतला की मला जवळ्याची आठवण येते आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. ते चोबेक ओमांच्या आईचं. सुरबायाहून रॉटरडॅम, तिथून ओहायो आणि मग इथे, असं ते तीन घरं बदलून आलं. पेटीत कपडे कमी आणि हा दगड, असं ओढत त्यांनी ते आणलं. ते तुम्हाला डच वाटलं नाही, हे बरोबरच आहे. ते डच नाहीच. मग पाटी डच का?

ओमा १९३६ साली सुरबायात जन्मल्या. तेव्हा आजच्या इंडोनेशियाचं नाव डच ईस्ट इंडीज होतं. तीनशे वर्षांच्या डच राजवटीत तिकडे आलेले पुरुष आणि तिथल्या स्त्रिया यांच्यापासून जी मिश्र घराणी वाढली, ती इंडो. १९३० च्या शिरगणतीत तिथे ‘युरोपीय’ म्हणून सुमारे २ लाख ४० हजार माणसं नोंदली गेली, त्यांतली बहुतेक खरं तर मिश्र रक्ताची होती. बापाने कागदावर मूल आपलं म्हटलं की ते युरोपीय. म्हटलं नाही तर ते आईबरोबर कांपुंगात, म्हणजे वस्तीत, आणि कागदाबाहेर. आईचं नाव कित्येक नोंदवह्यांत लिहिलंच जात नसे. ‘देशी स्त्री’ एवढ्यावर भागवायचे. अशा स्त्रीला न्याई म्हणत. ओमांची पणजी न्याई होती, मलांगकडची. तिचं नाव आजही कुणाला माहीत नाही.

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि कागदाचं वारं फिरलं. गोऱ्या डचांना, ज्यांना तिकडे टोटोक म्हणतात, त्यांना छावण्यांत कोंडलं. ज्यांना आपल्या घरात देशी रक्त किती हे दाखवता येईल त्यांना बाहेर राहायची मुभा. या वंशावळीच्या दाखल्याला शब्द होता असाल-उसूल. ज्या आजी-पणजींची नावं पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवली, त्याच आता जीव वाचवायला शोधाव्या लागल्या. ओमांच्या आईने तसा दाखला काढला. बाहेर राहणं म्हणजे सुटका नव्हती. नवरा युद्धकैदी, उत्पन्न बंद, चार पोरं, आणि घरातली एकेक वस्तू विकून तांदूळ. ओमांचे वडील ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर गेले ते परत आले नाहीत.

आता ते दुसरं कारण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ओमांनी विचारलं, तुमची भाषा कोणती? मराठी म्हटल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मराटा?’ मराठी हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मराटा मात्र त्यांना नऊ वर्षांच्या असल्यापासून माहीत होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी सुरबायात उतरवलेल्या ४९व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. सतरा ऑगस्टला सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलेलं, डच परत यायला टपलेले, हातात बांबूचे भाले घेतलेले तरुण रस्त्यावर, आणि इंडो म्हणजे डचांचे हस्तक असा सरसकट समज. त्या महिन्यांना बर्सियाप म्हणतात, ‘तयार राहा’ ही त्या पोरांची आरोळी. २८ ऑक्टोबरला सुरबायातल्या गुबेंग भागातून बायकामुलांना घेऊन निघालेल्या ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला. बरोबर भारतीय शिपाई होते, ते लढले आणि मेले. ओमांचं घर त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या अलीकडे होतं. त्या पलंगाखाली पडून होत्या. मोठी माणसं कुजबुजत होती त्यातला एकच शब्द त्यांच्या ध्यानात राहिला.

हे लिहिताना माझी अडचण होते, ती लपवत नाही. इंडोनेशियाला स्वातंत्र्य हवं होतं आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. आपल्या शिपायांना तिथे वापरण्यावर नेहरूंनी जाहीर आक्षेप घेतला होता, तोही रास्त होता. पुढच्या काही आठवड्यांत सुरबायाच्या लढाईत हजारो इंडोनेशियन मेले. नऊ वर्षांच्या पोरीने या सगळ्यात कोणती बाजू घ्यायची होती? तिच्या घरात दोन्ही बाजू होत्या.

तुमच्या पाटीवर १९६१ हे साल आहे. त्याआधी काय झालं त्याची एकही ओळ नाही, म्हणून इथे सांगते. १९४९ च्या डिसेंबरात नेदरलँड्सने सत्ता सोडली. इंडोंनी डच नागरिक राहायचं की इंडोनेशियन व्हायचं ते ठरवायला दोन वर्षं मिळाली. डच राहिले त्यांना नोकऱ्या मिळेनात. पाच डिसेंबर १९५७ च्या सुमाराला डच कंपन्या ताब्यात घेणं आणि डच नागरिकांना देश सोडायला लावणं सुरू झालं. ती तारीख डच मुलांच्या सिंटरक्लासच्या सणाची, म्हणून त्या वर्षीच्या सणाला लोक काळा सिंटरक्लास म्हणतात. १९४५ पासून पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे तीन लाख माणसं नेदरलँड्सला गेली. त्यांतल्या कित्येकांनी तो देश आधी कधी पाहिलाही नव्हता.

ओमा १९५५ साली गेल्या. सुएझजवळ अटाका नावाच्या ठिकाणी जहाजातून उतरवून थंडीचे कपडे वाटत. फोटोतला तो लोकरी कोट तिथला आहे. तो फुकट नव्हता, त्याची किंमत पुढे पगारातून वळती झाली. नेदरलँड्समध्ये सरकारने ठरवलेल्या खाणावळवजा घरांत एकेका खोलीत अख्खं कुटुंब, आणि नोकरी लागली की मिळकतीच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम त्या खोलीपोटी कापून. बटाटा उकडायचा, मसाला घालायचा नाही, वास येतो म्हणून मालकीणबाईंची तक्रार. सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन बायका डच पद्धतीने घर चालवतात की नाही बघून जात. ओमा हे सांगताना आवाज चढवत नाहीत, फक्त हातातलं काम थांबवतात.

मग अमेरिका. आणि इथे तुमच्या पाटीचं मूळ आहे.

१९५२ च्या अमेरिकन कायद्यात एक कलम होतं. ज्याचं निम्मं किंवा जास्त रक्त आशियाई, तो कुठेही जन्मलेला असो, त्याची गणना त्या आशियाई देशाच्या कोट्यात. बहुतेक आशियाई देशांचा कोटा वर्षाला शंभर माणसं. नेदरलँड्सचा तीन हजारांवर. म्हणजे इंडो माणसाला स्वतःला इंडोनेशियन म्हणवून या देशात शिरणं जवळजवळ अशक्य होतं. वाट उघडली ती १९५३ च्या निर्वासित मदत कायद्याने आणि मग १९५८ मध्ये, पास्टोर-वॉल्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने, आणि ती उघडली ‘विस्थापित डच नागरिक’ म्हणून. ज्यांना यायचं होतं त्यांना डच म्हणून यावं लागलं. चर्च वर्ल्ड सर्व्हिस आणि कॅथलिक संस्थांनी जामीनदार शोधले. कुठल्याशा गावातल्या चर्चने घराची आणि कामाची हमी घ्यायची, मग व्हिसा. ओमा आणि त्यांचे यजमान आधी ओहायोतल्या एका गावी गेले. तीन हिवाळे काढले आणि चौथ्याला इकडे आले, कारण इथल्या उन्हात आंब्याचं नाही तरी केळीचं झाड जगतं. जावामध्ये जमीनमोजणी खात्यात असलेल्या माझ्या सासऱ्यांनी इथे सतरा वर्षं रात्रपाळीत शाळेच्या फरश्या पुसल्या.

किती लोक असे आले? अभ्यासकांचे अंदाज पंचवीस-तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. एवढी तफावत पडायचं कारण एकच, त्यांची वेगळी मोजणी कधी झालीच नाही. जनगणनेत त्यांनी कोणता रकाना भरायचा होता? कुणी गोरे लिहिलं, कुणी डच, कुणी इतर. १९६७ पर्यंत सोळा राज्यांत मिश्र वंशाचं लग्न गुन्हा होतं. एकाच घरात सासरे सावळे आणि त्यांचा भाऊ गोरापान. विचारणाऱ्याला ‘डच’ असं सांगितलं की प्रश्न थांबत. माझ्या नवऱ्याला लहानपणी शिकवलेलं होतं, कुणी विचारलं तर हॉलंड म्हणायचं, पुढे बोलायचं नाही. आता तो साठीला आला, तरी अजून हॉलंडच म्हणतो.

तुमच्या क्युरेटर बाई मला म्हणाल्या, ‘आम्ही तर त्यांच्याच कागदपत्रांवर लिहिलेलं घेतलं.’ मान्य आहे. कागदावर डचच आहे. पण तो कागद कोणत्या दारातून शिरण्यासाठी केलेला होता, हे सांगणं इतिहास संग्रहालयाचं काम नाही तर कुणाचं? या घराण्याला एका राजवटीने आईचं नाव लपवायला लावलं, दुसरीने ते पुढे करायला लावलं, तिसऱ्या देशाने पुन्हा लपवायला लावलं. तेव्हा त्यांना पर्याय नव्हता. तुम्हाला आहे.

आता तक्रारी सरळ मांडते.

पाटी आणि लाकडी जोडे यांबद्दल वर लिहिलंच आहे. भेट दिलेल्या वस्तू नाकारायचा तुमचा अधिकार मी नाकारत नाही. पण त्या नाकारून त्यांच्या जागी परक्या वस्तू मांडायच्या आणि आमच्या माणसांचा फोटो त्यांच्या शेजारी लावायचा, याला मी चूक म्हणते.

मुलाखतीचं त्याहून वाईट झालं. तुमच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी ओमा दोन सकाळी बोलल्या. सगळं मिळून साडेतीन तास. संकेतस्थळावर अकरा मिनिटं आहेत. मी ती अकरा मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकली. जहाज, पहिला हिमवर्षाव, पहिली गाडी. सुरबाया नाही, वडील नाहीत, न्याई पणजी नाही. आणि मधे त्या ज्या भाषेत शिरल्या तो सगळा भाग कापला आहे, ‘अस्पष्ट’ म्हणून. ती अस्पष्ट नव्हती. ती पेचो होती. शब्द डच, घडण मलय, हेल जावाचा. इंडो पोरं गल्लीत बोलत ती बोली. शाळेत बोललं तर छडी. ती आता जगात फार थोड्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे, आणि त्यांतली एक तुमच्या माइकसमोर बसून बोलत होती. मूळ ध्वनिफीत मागितली तर उत्तर आलं, संपादनानंतर मूळ फाइली ठेवायची पद्धत नाही. हे वाचून मी ओमांना काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

त्यानंतर, तुमच्या आशियाई समाजांसाठीच्या निधीतून पुन्हा ध्वनिमुद्रण करावं असा अर्ज मी केला. नकार आला, की यादीतल्या समाजांत हे बसत नाहीत, ते युरोपीय विभागाकडे न्यावं. युरोपीय विभागाने कळवलं की आशियातले अनुभव त्यांच्या कक्षेत येत नाहीत. दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. एकाच इमारतीतून, नऊ दिवसांच्या अंतराने आलेली.

आणि आता ती खोकी. तुमच्यापैकी कुणी उघडून पाहिली आहेत का? मी पाहिली आहेत, कारण सासऱ्यांनी त्या मंडळाचं चिटणीसपद काही वर्षं सांभाळलं. सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं आहेत. कुम्पुलानच्या, म्हणजे मेळाव्यांच्या, नोंदी आहेत : कुणाच्या गॅरेजमध्ये जमलो, कोण गिटार घेऊन आलं, कुणी लेम्पर केले आणि कुणी स्पेक्कूक, तो थरांचा केक जो करायला अर्धा दिवस लागतो. नव्याने आलेल्या कुटुंबांना कुठे काम मिळेल, कोणतं दुकान लेमनग्रास ठेवतं, कोणता घरमालक ‘तपकिरी डच’ म्हणून घर नाकारतो, हे सगळं त्यांत आहे. मृत्यूंच्या सूचना आहेत, आणि त्यांत जन्मगावं छापलेली आहेत : बांडुंग, सेमारांग, मदिऊन, माकासार. जनगणनेने जे कधी विचारलं नाही ते या पानांवर आपोआप लिहिलं गेलंय. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या इंडोनेशियन घरांची गणती कुणाला करायची असेल तर या चौदा खोक्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांच्यात ‘द अमेरिकन टोंग टोंग’चे काही अंकही आहेत. ते नियतकालिक चाली रॉबिन्सन यांनी काढलं होतं, इंडो साहित्यातलं सगळ्यात मोठं नाव. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅलिफोर्नियात येऊन राहिले, व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटात इंडो लोकांसाठी ‘दे सूस’ नावाचं ठिकाण उभं केलं, आणि आपल्या माणसांनी युरोपीय होण्याच्या नादात स्वतःला पुसून टाकू नये म्हणून शेवटपर्यंत लिहीत राहिले. ते अंक तुम्ही रद्दीत घालायला निघाला आहात.

ही गोष्ट फक्त आमच्या घराची किंवा फक्त इंडोंची असती तरी मी लिहिलं असतं. ती तेवढीच नाही. रॉक संगीतातले भाऊ एडी आणि अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांचं नाव इथे पोरासोरांना माहीत आहे. १९६२ साली ते कुटुंब नेदरलँड्सहून पॅसाडेनाला आलं. आई युजेनिया, जावातल्या रांगकासबितुंगची इंडो. तरी त्या भावांना सगळे डच म्हणत आले. कवी ली-यंग ली जकार्तात जन्मले. चिनी वंशाच्या वडिलांना सुकार्नोंच्या काळात तुरुंगात टाकलं, कुटुंब १९५९ साली पळालं, आणि हाँगकाँग, मकाव, जपान करत १९६४ मध्ये अमेरिकेला पोचलं. वडील पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात पाद्री झाले. ली यांना लोक चिनी समजतात. पन्नासच्या दशकात इंडोनेशिया विद्यापीठातले अर्थशास्त्राचे शिक्षक बर्कलीला शिकायला आले, कॉर्नेलमध्ये हसन शादिली यांनी जॉन एकल्स यांच्याबरोबर इंडोनेशियन-इंग्रजी कोशाचं काम केलं, तो १९६१ मध्ये निघाला. आणि त्याही आधी, १९४५ च्या अखेरीला, न्यूयॉर्कच्या बंदरात इंडोनेशियन खलाशांनी डच जहाजांवर काम करायला नकार दिला होता, कारण ती जहाजं त्यांच्याच लोकांविरुद्ध शस्त्रं नेणार होती. डच, चिनी, विद्यार्थी, खलाशी. प्रत्येकाची नोंद दुसऱ्याच कुठल्यातरी नावाखाली, म्हणून सगळे मिळून कुणीच दिसत नाहीत.

२०१० च्या जनगणनेत इंडोनेशियन म्हणून सुमारे ९५ हजार लोक नोंदले गेले. त्यांतले बहुतेक नंतर आलेले, कित्येक १९९८ च्या मे महिन्यातल्या दंगलींनंतर. न्यू हॅम्पशायरमधल्या सोमर्सवर्थसारख्या छोट्या शहराने आपल्या इंडोनेशियन रहिवाशांच्या नावाने एक भाग जाहीर केला. तिथे ते पन्नास वर्षांपूर्वी आलेले नव्हते. आमच्याकडे आले होते.

इथे मला माझ्या मराठी वाचकांशी बोलायचं आहे. आपल्यालाही या देशात रकाना आयता मिळालेला नाही. १९२० ते १९४० च्या शिरगणत्यांत आपला वंश ‘हिंदू’ लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये आपल्याला गोऱ्यांत धरलं. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला तो भारतीयांनी मागितला म्हणून आला. आज आपली मुलं त्यावर खूण करून पुढे जातात. २०२४ मध्ये सरकारने वंशाच्या प्रश्नाचा नवा नमुना ठरवला, त्यात आशियाईंसाठी सहा रकाने आहेत : चिनी, भारतीय, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी. इंडोनेशियन माणसाने रिकाम्या ओळीवर हाताने लिहायचं. ओमांनी २०२० च्या जनगणनेत काय लिहिलं माहीत आहे? काहीच नाही. पेन हातात धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, तूच भर. मी भरलं, इंडोनेशियन. त्या बघत राहिल्या. ‘हे चालतं?’ त्यांनी विचारलं.

विश्वस्तहो, मागण्या फार नाहीत.

खोक्यांवरचा ठराव मागे घ्या. जागा नसेल तर प्रत्येक पान स्कॅन होईपर्यंत ती माझ्या घरी ठेवायला मी तयार आहे, तसा करार करा. पण पानन्‌पान स्कॅन झाल्याशिवाय आणि त्या प्रती सगळ्यांना खुल्या झाल्याशिवाय एकही खोकं हलवू नका.

तिसऱ्या कपाटातले लाकडी जोडे काढा. चोबेक आणि वेताची पेटी पुन्हा द्यायला आम्ही तयार आहोत. पाटी बदला. नवी पाटी कशी असावी हे विचारलंत तर हे लिहा : ‘इंडो कुटुंब. सुरबाया, जावा येथून नेदरलँड्समार्गे, १९६१. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यामुळे त्यांची नोंद डच म्हणून झाली.’ तीन वाक्यं आहेत. हवं तर शेवटचं तुमच्या शब्दांत लिहा, पण गाळू नका.

या शहरात ऐंशीच्या पुढची इंडोनेशियात जन्मलेली जी माणसं अजून आहेत त्यांचं ध्वनिमुद्रण सहा महिन्यांत सुरू करा. मी मंडळाच्या जुन्या वहीवरून शोधली, आज त्यांतले सतरा जण आहेत. यादी केली तेव्हा एकोणीस होते. ज्यांना ज्या भाषेत बोलायचं असेल त्या भाषेत बोलू द्या, डच, मलय, पेचो, आणि दुभाष्याला मोबदला द्या. मूळ फाइली जपा, आणि कुटुंबाला एक प्रत द्या. कोणत्या विभागाच्या निधीतून हे तुमचं तुम्ही ठरवा, पण पुन्हा एका विभागाने दुसऱ्याकडे पाठवू नये.

आणि दालनाच्या सल्लागार समितीवर या समाजातला एक माणूस घ्या. मला घ्या असं म्हणत नाही. मी सून आहे, माझा जन्म साताऱ्याचा. त्यांच्या नातवंडांत शिकलेली, या विषयावर काम करणारी मुलं आहेत, ती तयार आहेत.

पुढची बैठक कधी आहे हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी एकटी नसेन, सतरापैकी ज्यांना येता येईल ते येतील. दोघांना व्हीलचेअरसाठी उतार लागेल, आणि तुमच्या सभागृहाच्या मागच्या दाराला तो नाही, पुढचं दार उघडं ठेवा.

ओमा आता नव्वदीला टेकल्या आहेत. सकाळी दहा ते बारा त्यांना चांगलं बोलता येतं, जेवणानंतर थकतात. डावा कान ऐकत नाही, तेव्हा उजवीकडे बसावं लागेल. गेल्या आठवड्यात साम्बाल वाटताना त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या पेचोत पुटपुटल्या. मी विचारलं काय ते. त्यांच्या आईने एकदा पणजीला कशी हाक मारल्याचं सांगितलं होतं, ते नाव जिभेवर येतंय असं त्या म्हणाल्या. आलं नाही. दोन अक्षरी होतं, म्हणाल्या, आणि शेवटी ‘नाह’. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे. तुमचा माणूस रेकॉर्डर घेऊन आला तर पहिल्यांदा तेच विचारा.

आपली,
या शहरातली एक रहिवासी आणि ओमांची सून